सात आकडे, एक सुई

१

शाळा सुटली की मी घरी न जाता मैदानावर जात असे. आमची चाळ घाटकोपरच्या डोंगराला टेकलेली, आणि चाळीच्या मागच्या अंगाला मंडळाचं मैदान. तिथल्या कठड्यावर बसून मी पाचवीच्या गणिताच्या वह्या तपासायचो. समोर सात पोरं कबड्डीचा सराव करायची. त्यातला सातवा माझा मुलगा नंदकिशोर. त्याची आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि एकट्याने जाऊन खोलीचं कुलूप काढायला मला नको वाटायचं.

मी स्वतः कधी खेळलो नाही. माझ्याकडे एकच काम असे. त्यांचा कप्तान दशरथ दम धरायचा सराव करायचा, तेव्हा मी मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायचो. एका श्वासात, मध्ये न थांबता ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं. श्वास घेतला की दम तुटला, खेळाडू बाद.

"मास्तर, किती?"

"त्रेचाळीस."

"घड्याळ पुढे पळतंय तुमचं."

"घड्याळ बरोबर आहे. तू विड्या कमी कर."

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात मुलुंडच्या स्पर्धेत ही पोरं पहिली आली. त्या संध्याकाळी मैदानाबाहेर एक गोंदणवाला बसला होता. बॅटरीवर चालणारं मशीन, शाईची वाटी आणि एक फडकं, एवढाच त्याचा संसार. बनियनवरचे आकडे सगळ्यांनी हातावर गोंदून घ्यायचे असं दशरथच्या डोक्यात आलं. एक ते सात.

गोंदणवाल्याला मराठी आकडे नीट काढता येईनात. तेव्हा मी खिशातलं पेन काढलं आणि फळ्यावर लिहितो तसे टपोरे आकडे एकेकाच्या उजव्या मनगटावर काढून दिले. नंदू उतावीळ, सगळ्यांच्या पुढे जाऊन बसला होता. मी दंड धरून त्याला उठवलं.

"ओळीने या. ज्याचा जो आकडा, त्या क्रमाने. तू शेवटी."

"अण्णा, ही काय प्रार्थनेची रांग आहे?"

सगळे हसले, आणि ओळीत उभे राहिले.

सुई सगळ्यांना एकच होती. प्रत्येक मनगटानंतर तो ती फडक्याला पुसत होता आणि पुन्हा त्याच वाटीत बुडवत होता. सातव्या मनगटापर्यंत फडकं काळपट लाल झालं होतं. मी ते पाहिलं. शाळेत आरोग्याचे धडेही मीच शिकवतो. तरी मी काही बोललो नाही, कारण आकडे सुबक उमटत होते.

२

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दशरथला ताप आला, मग अन्न जाईना, मग डोळे पिवळे झाले. कावीळ ही आमच्या चाळीत काही मोठी बातमी नव्हे. उसाचा रस, मुळ्याचा पाला, पंधरा दिवस पडून राहणं. पण दहाव्या दिवशी त्याने स्वतःच्या बायकोला ओळखलं नाही आणि भरलेली कळशी तिच्या डोक्यात घातली. तेव्हा त्याला इस्पितळात नेलं.

आम्ही दुपारी चारला भेटायला गेलो. मी, नंदू, जयवंत आणि शिवदास. जयवंत सहा नंबरचा, आमच्याच मजल्यावर राहणारा, नंदूचा लहानपणापासूनचा जोडीदार. शिवदास दोन नंबरचा. दशरथचे हात पलंगाला बँडेजने बांधले होते. कातडी हळदीत बुडवून काढल्यासारखी. तो ओठातल्या ओठात काही पुटपुटत होता. शिवदासने वाकून कान लावला.

"काय म्हणतोय?" नंदूने विचारलं.

"दम लावलाय. साला झोपेतपण चढाई करतोय."

सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली. एक मिनिट झालं. दोन झाली. आवाज पिठाच्या गिरणीसारखा सपाट, कुठे खंड नाही. मी त्याच्या छातीकडे पाहिलं. चादरीची घडी जशी पडली होती तशीच होती, वर नाही, खाली नाही. तीन मिनिटं वीस सेकंद झाल्यावर मी मोजणं थांबवलं. तापातला माणूस फार हलके श्वास घेत असेल, आपल्याला ते दिसत नसतील, असं मी स्वतःला सांगितलं.

मग काहीतरी कडकन मोडलं. पलंगाची दांडी असेल असं वाटलं. तो त्याचा अंगठा होता. अंगठा मोडून, आत दुमडून त्याने हात बँडेजमधून सोडवून घेतला होता. दुसरा हातही तसाच. तो उठला तशी सलाईनची बाटली खाली फुटली, आणि त्या काचांवरून तो अनवाणी आला. गुडघ्यांत वाकून, आडवा आडवा, मैदानावर येतो तसा. मध्ये पडलेल्या वॉर्डबॉयच्या तोंडावर त्याने कोपर हाणलं. वॉर्डबॉय खाली बसला आणि ओंजळीत दात थुंकला. दशरथने शिवदासच्या मनगटावर, बरोबर त्या दोनाच्या आकड्यावर, दोन बोटं टेकवली. मग वळला, रक्ताची पावलं उमटवत पलंगापर्यंत परत गेला आणि आडवा झाला. तेव्हा आवाज थांबला.

शिवदास मनगट चोळत उभा होता.

"बाद केलं मला," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. दशरथ संध्याकाळी सहाला गेला असं दाखल्यावर लिहिलं आहे. मला वाटतं, तो पलंगाला पाठ टेकली तेव्हाच गेला. तिसऱ्या दिवशी शिवदासचे डोळे पिवळे झाले.

३

वॉर्डाच्या डॉक्टर अनुपमाबाई वयाने तरुण आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी शिवदासचं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं.

"हे गोंदण पहिल्या पेशंटच्याही हातावर होतं. एकाच सुईने?"

"हो."

"किती जणांना?"

"सात."

"आणि तुम्ही शिक्षक आहात."

त्यांनी मला समजावून सांगितलं. ही पाण्यातून होणारी कावीळ नव्हे, रक्तातून जाणारी. सुईच्या टोकाला डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त राहिलं तरी पुरतं. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत केव्हाही बाहेर पडते. बहुतेक लोक बरे होतात. थोड्यांचं यकृत झपाट्याने नासतं आणि ते विष मेंदूत चढतं. मग सोन्यासारखा माणूस आपल्याच लोकांवर हात टाकतो.

"पण लागण एका संध्याकाळी झाली. मग आजार आकड्यांच्या क्रमाने का येतोय?" मी विचारलं.

"दोनच तर आहेत अजून. योगायोग."

बारा दिवसांनी शिवदास गेला. त्या दुपारी तीन नंबरचा धोंडिराम त्याच्या उशाशी बसला होता, आणि त्याच्या मनगटावर शिवदासची नखं खोल रुतली होती. धोंडिराम पिवळा पडला तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सातांतून पहिले तीन ओळीने येण्याचा योग दोनशे दहात एकदा. मी ते दोनदा करून पाहिलं. दोनशे दहात एकदा म्हणजे अशक्य नव्हे. याहून विचित्र गोष्टी घडतात आणि कोणी त्यांचं गणित मांडत बसत नाही म्हणून त्या विसरल्या जातात.

चार नंबरचा काशीराम मात्र गणित न मांडताच घाबरला आणि गोराईला एका मित्राच्या घरी जाऊन राहिला. खाडीपलीकडे. तो कुठे गेला ते त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं.

धोंडिराम एका सकाळी वॉर्डातून नाहीसा झाला. दुपारी गोराईहून निरोप आला. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो, ते मुख्यतः स्वतःची समजूत घालायला. होडीवाला म्हातारा माझ्याशी बोलायला तयार नव्हता. शेवटी म्हणाला, "होडीत बसल्यापासून एकच शब्द. बायका उठून पलीकडे गेल्या. मी बोललो, बाबा, दम तरी घे. तर माझ्याकडे बघितलं असं, का मीच गुन्हा केला."

काशीराम पोलीस चौकीत बसला होता. मासळी वाळत घातलेल्या अंगणात भर दुपारी त्याने धोंडिरामला येताना पाहिलं. हाताशी वल्हं होतं. ते त्याने त्याच्या डोक्यात घातलं.

"दोनदा मारलं, मास्तर. दुसऱ्यांदा आत गेलं. मला हाताला कळलं, आत गेलं म्हणून. तरी येतच राहिला. एक डोळा बाहेर, आणि तोंड चालूच."

"मग?"

त्याने नुसतं मनगट पुढे केलं. चाराच्या आकड्यावर वाळलेल्या रक्ताची दोन बोटं होती. ती त्याने धुतली नव्हती.

धोंडिराम तसाच धक्क्यापर्यंत परत गेला होता. होडीत पाय ठेवला आणि गप्प झाला, असं म्हातारा म्हणाला. पोलिसांनी काशीरामला चार दिवस ठेवून घेतलं. त्याचेही डोळे पिवळे झाले, तेव्हा इस्पितळात पाठवलं.

४

अनुपमाबाईंनी उरलेल्या तिघांचं रक्त तपासून घेतलं. नंदूचा कागद त्यांनी माझ्यासमोर उघडला.

"विषाणू आहे. पण यकृत उत्तम चाललंय. असे लोक पुष्कळ असतात. जन्मभर काही होत नाही. त्याला दारू नको, दगदग नको. आणि मास्तर, त्याच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका."

मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढचे कित्येक दिवस मी शिकवता शिकवता खिशावर हात ठेवून तो चाचपत असे. नंदू वाचू शकत होता. शास्त्र तसं म्हणत होतं. त्याला शेवटी बसवलं होतं मी, आणि एखादा आजार पाचसहा अंगांतून जाता जाता थकतही असेल.

काशीरामला त्याच्या भावांनी इस्पितळातच काथ्याच्या दोरांनी खाटेला आवळून ठेवलं होतं. दोरांनी हाडापर्यंत मांस कापलं, पण तो सुटला. पाचवा विक्रोळीला राहायचा. घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून बाहेरून खिळे ठोकले होते. काशीरामने ते दार डोक्याने फोडलं. लाकडाच्या ढलप्या त्याच्या कपाळात होत्या. हे सगळं मी अंत्ययात्रांमध्ये ऐकलं. आणि एप्रिलच्या एका संध्याकाळी, साडेपाचला, पाचवा आमच्या मैदानावर आला. मी कठड्यावर होतो. नंदू आणि जयवंत दोघंच सराव करत होते. नंदू पुढे होता, जयवंत मागे. पाचवा नंदूच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता गेला आणि जयवंतला शिवला.

नंदूला त्याने शिवायला हवं होतं, तो जवळ होता. हे माझ्या मनात आलं आणि लगेच आनंद झाला. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "तू कोल्हापूरला मावशीकडे जा."

"काशीराम गोराईला गेला होता."

"मग इथेच राहा. जयवंतकडे जायचं नाही."

त्याने ताटातला भात एका बाजूला केला. "तो माझ्याशिवाय जेवत नाही, अण्णा. मालनकाकूंनी आई गेल्यावर दीड वर्ष मला भरवलंय."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग जायचं नाही."

५

मालनबाईंनी मुलाला इस्पितळात नेलं नाही. जे गेले ते परत आले नाहीत, हे त्यांना पुरेसं होतं. त्यांनी कुर्ल्याहून काविळीची माळ आणली. औषधी काड्यांची ती माळ डोक्यावर टोपीसारखी ठेवतात. काड्या सुकतात, दोरा सैल होतो, माळ लांबत लांबत कपाळावरून गळ्यात आणि गळ्यातून पायांशी उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, असा लोकांचा विश्वास. मी शाळेत याची थट्टा करत आलो होतो.

नवव्या दिवशी मी त्यांच्या दारात गेलो. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. त्यांचं दार गॅलरीच्या त्या टोकाला, आमचं या टोकाला, मध्ये आठ खोल्या. जयवंत चटईवर भिंतीला टेकून बसला होता. माळ खाली उतरली नव्हती. ती वर सरकून डोक्यावर घट्ट बसली होती, आणि तिच्या कडेने कपाळावर वळ उठला होता.

"बाई, काढा ती माळ. त्याला आजच्या आज इस्पितळात हलवा. तिथे बांधून ठेवतात, माणसं असतात."

"तकडे नेऊन काय होतला? दशरथाचा काय झाला?"

"इथे तो मोकळा आहे."

मालनबाई रागावून बोलणाऱ्यातल्या नव्हेत.

"असा सांगा ना मास्तर. तुमच्या झिलाक वाचवूक माझ्या झिलाक घालवू?"

"तसं नाही."

"तसाच आसा. माका राग नाय त्याचो. मी पण तसाच केलंय असता."

जयवंतने डोळे उघडले. बुबुळाभोवतीचं सगळं पिवळं. त्याने मला ओळखलं.

"मास्तरकाका, नंदूला सांगा दार लावून बसायला," तो म्हणाला. "मला आतून दम भरायला लागलाय. मी भरत नाहीये."

६

मे महिन्याची सुट्टी होती. दुपारचे तीन. पुरुष कामावर, बायका पंख्याखाली लवंडलेल्या, चाळ अगदी निपचित. नंदू आत झोपला होता. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो.

आधी मला वाटलं, खालची गिरणी सुरू झाली. मग आठवलं, गिरणी मंगळवारी बंद असते.

मी बाहेर आलो आणि आमच्या दाराला बाहेरून कडी घातली. गॅलरीच्या त्या टोकाहून जयवंत येत होता. डोक्याला माळ, नाकातून रक्त, अंगात फक्त चड्डी. त्याच्या मागे मालनबाई, त्यांचा हात वेडावाकडा लोंबत होता. त्यांनी त्याला अडवलं असणार. तो प्रत्येक दारासमोर थोडा थांबत होता, आडवा होत होता आणि पुढे सरकत होता. आवाज मोठा नव्हता. पण त्यात श्वास नव्हता. एवढ्या जवळून मी खात्रीने सांगू शकतो की नव्हता.

"जयवंता," मी म्हणालो, "घरी जा, बाळा."

तो माझ्या बाजूने निघाला, मी तिथे नसल्यासारखा. मी खाली पडून त्याचा घोटा धरला. मला पकड येत नाही. मी नुसती मिठी मारली. त्याने दुसऱ्या पायाची टाच माझ्या तोंडावर मारली. पहिल्या लाथेत ओठ फाटला, दुसरीत नाकाचं हाड गेलं. मी सोडलं नाही. त्याने हात लांबवून कडी काढायला पाहिलं. मी त्याच्या पोटरीला चावलो. खरंच चावलो, तोंडात मांस आलं. त्याच्या आवाजात काहीही फरक पडला नाही.

नंदू जागा झाला होता. खिडकीच्या गजांतून त्याचा चेहरा मला दिसला.

"नंदू, बाहेर येऊ नको. काही झालं तरी येऊ नको."

त्याने ऐकलं. तो यायचं नाही असंच ठरवून उभा होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बारा वर्षं त्याने एकच गोष्ट घोटली होती. एकाने घोटा धरला की दुसऱ्याने कंबर धरायची, विचार करायचा नाही, उशीर झाला की गडी सुटतो. जयवंतने एक पाय झटकला, माझे हात सुटू लागले, आणि दाराची कडी कोयंड्यासकट उखडून नंदू बाहेर आला. त्याने मागून जयवंतच्या कमरेला मिठी घातली.

मग जयवंतने त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि वळला.

"सोडू नका, अण्णा!" नंदू ओरडला. "दम तुटेपर्यंत धरा. दम तुटला तर तो बाद. मी नाही."

तेही गणितच होतं आणि मला ते तत्क्षणी पटलं. तो आम्हाला दोघांना ओढत निघाला. माझी कोपरं फरशीवर सोलून निघाली. नंदूने त्याचं डोकं कठड्याच्या लोखंडावर आपटलं, पुन्हा आपटलं, माळ तुटून काड्या सांडल्या. तो पडला. आम्ही त्याच्यावर बसलो. तो हातांनी सरपटत राहिला. तोंड चालूच होतं. मी पुढे सरकलो आणि त्याच्या तोंडावर आणि नाकावर तळहात दाबला. दुसरा हात वर ठेवून सगळा भार टाकला. तळहाताखाली ओठ हलत होते. मी नंदूसाठी दाबत होतो, आणि ज्यांच्यासाठी रोज सेकंद मोजले त्यांतल्याच एकाला दाबत होतो. दोन्ही मला कळत होतं. ओठ थांबले.

मग नंदू हसायला लागला, रडल्यासारखा. "तुटला. अण्णा, दम तुटला."

मी मान वर केली. आमचं दार दूर दिसत होतं, आठ खोल्यांपलीकडे. गॅलरीभर काड्या आणि रक्ताचा पट्टा. आम्हाला वाटलं होतं आम्ही दोनचार हात सरकलो असू. जयवंतचा उजवा हात पुढे ताणलेला होता. मनगटापासून पुढचा पंजा त्याच्या घराच्या उंबऱ्याच्या आत होता.

मालनबाई परत येऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या. पूर्ण वेळ त्यांची नजर त्या हातावर होती. आम्हा दोघांना दिसलं नव्हतं ते फक्त त्यांना दिसलं होतं.

मी विचारलं. त्यांच्या मुलाच्या तोंडावरचा हात न काढता मी त्यांना विचारलं, "बाई, हात आधी आत गेला, की दम आधी तुटला?"

त्यांनी धड हाताने पदर सारखा केला.

"मी पंच नाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी त्याची आवस."

७

लोकांना मालनबाईंनी सांगितलं की काविळीच्या झटक्यात पडून डोकं फुटलं. पोलीस आले आणि गेले. माझ्याशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. मीही कोणाला काही सांगितलं नाही. मी रोज सकाळी नंदूला दारात उजेडाकडे तोंड करून उभा करायचो आणि अंगठ्याने त्याच्या खालच्या पापण्या ओढून पाहायचो. दहा दिवस पांढरं होतं. अकराव्या दिवशी तो स्वतःच येऊन उजेडात उभा राहिला आणि म्हणाला, "नका बघू."

अनुपमाबाईंनी त्याला कडेची दोन पलंगांची खोली दिली. दुसरा पलंग रिकामा होता. त्या मला योगायोगाबद्दल काही म्हणाल्या नाहीत. फक्त त्याचे हात बांधताना गाठ स्वतः तपासून घेतली.

शेवटच्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर आला. बोलणं स्वच्छ होतं.

"अण्णा, हात सोडा."

मी सोडले. मी तयारीने आलो होतो. बाही वर करून मी उजवं मनगट त्याच्यापुढे धरलं. सकाळी पेनने त्यावर आठाचा आकडा काढला होता, चांगला टपोरा.

"तुझ्यापुढे कोणी नाही असं समजू नको," मी म्हणालो. "मी आहे. मला शिव आणि परत ये. मग आपण बघू."

त्याने माझं मनगट मांडीवर घेतलं, पाहिलं आणि अंगठा जिभेला लावून तो आकडा पुसला. नीट पुसला, कडेकडेने, शाईचा डाग राहू नये असा.

"तुम्ही खेळात नाही, अण्णा. बाजूला बसा."

मग त्याने श्वास भरून घेतला. छाती फुगली, आणि पुन्हा खाली आली नाही.

मी त्याच्या पलंगाच्या कडेवर बसलो. तो उतरला, वाकला आणि रिकाम्या पलंगाकडे आडवा आडवा गेला. त्या पलंगापाशी कोणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगेन. खिडकीतून ऊन येत होतं, भिंतीवर पोपडे होते, चादर सरळ होती. तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, एकदा हात मारला. मग वळला, आणि वळताना त्याचा डावा पाय मागे खेचला गेला.

तो पालथा पडला. हनुवटी फरशीवर फुटली. त्याच्या घोट्यावर बोटांचे पांढरे ठसे उमटलेले मला दिसले, मग कमरेवर, मग दंडांवर, खांद्यांवर. पाठ खाली दबली, जशी एकावर एक सहा माणसं बसल्यावर दबते. बरगड्या मोडल्याचा आवाज आला, एक, मग दोन एकदम. तो तोंडाने म्हणत होता आणि कोपरांवर पुढे येत होता. एकेक वीत. मागे रक्ताची ओली रेघ. आपल्या पलंगाचा पाय गाठायचा होता त्याला, आणि त्या पलंगावर मी होतो.

मी खाली उतरलो नाही. त्याने सांगितलं होतं. पण मी वाकून हात पुढे केला, जेवढा जाईल तेवढा. त्याचाही हात ताणलेला होता. आमच्या बोटांमध्ये चार बोटांचं अंतर राहिलं होतं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो शुद्धीत होता. मी ओरडलो, "धर."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग बोटं मिटली, मूठ मागे ओढली आणि पोटाखाली घेऊन तिच्यावर पडला, मला ती गाठता येऊ नये अशी.

आणि त्याने श्वास घेतला.